एमएसओशी करार करताना: स्थानिक कंपनी की राष्ट्रीय, आणि कोणते कलम आधी वाचावे

केबल चालकाच्या धंद्यात तारा, खांबांवरचे ॲम्प्लिफायर, लाइनमन आणि घरोघरची ओळख हे सगळे त्याचे स्वतःचे असते. पडद्यावर दिसणारे चित्र मात्र दुसऱ्याच्या कंट्रोल रूममधून येते. ते चित्र पुरवणाऱ्या मल्टी-सिस्टिम ऑपरेटरशी, म्हणजे एमएसओशी, होणारा करार हा म्हणूनच या धंद्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद होय. ॲनालॉगच्या काळात हा करार बहुधा तोंडीच असे, आणि एकाची फीड, म्हणजे त्याच्याकडून येणारा वाहिन्यांचा सिग्नल, पटली नाही तर रात्रीतून दुसऱ्याची जोडता येत असे. ३१ ऑक्टोबर २०१२ पासून मुंबईसह चार महानगरांत, ३१ मार्च २०१३ पासून पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसारख्या शहरांत आणि अखेरच्या टप्प्यात ३१ मार्च २०१७ पर्यंत ग्रामीण भागात डिजिटल केबल सक्तीची झाली, आणि ती सोय संपली. सिग्नल कुलूपबंद करण्याची प्रत्येक एमएसओची सांकेतिक प्रणाली वेगळी असल्यामुळे एकाचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्याच्या फीडवर चालत नाही. एमएसओ बदलायचा म्हणजे प्रत्येक घरातला बॉक्स बदलायचा, इतका हा निर्णय आता जड झाला आहे.

दोनशे-तीनशेपासून एक-दोन हजार पॉइंटपर्यंतचे, म्हणजे जोडण्यांपर्यंतचे, जाळे सांभाळणाऱ्या आणि जिल्ह्यातल्या एमएसओकडे जावे की देशभर पसरलेल्या कंपनीकडे, या विचारात असलेल्या महाराष्ट्रातील आणि गोव्यातील केबल चालकांसाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: स्थानिक की राष्ट्रीय हा प्रश्न दुसरा आहे. करारातून बाहेर पडताना बॉक्स कोणाचे, ग्राहकांची यादी कोणाची आणि येणे-देणे कसे मिटणार, ही कलमे पहिल्यांदा वाचावीत. ती पटली नाहीत तर समोरच्या कंपनीचे नाव कितीही मोठे किंवा मालक कितीही ओळखीचा असला तरी सही करू नये.

भेद कायद्यात नाही, व्यवहारात आहे

केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियम, १९९५ मध्ये स्थानिक एमएसओ आणि राष्ट्रीय एमएसओ असे दोन वर्ग नाहीत. माहिती व प्रसारण मंत्रालयाची तीच नोंदणी दोघांनाही घ्यावी लागते, आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, तेच विनियम दोघांनाही लागू होतात. अमेरिकेत केबल कंपनीला पूर्वापार नगरपालिकेकडून फ्रँचायझी घ्यावी लागे. १९८४ च्या कायद्याने नगरपालिकेला कंपनीच्या ढोबळ उत्पन्नावर ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा दिली, आणि २००५ मध्ये टेक्ससने संपूर्ण राज्यासाठी एकच परवाना देण्याची वाट पाडली. आपल्याकडे महापालिका फार तर रस्ता खोदण्याची परवानगी देते, केबलसेवेचा परवाना देत नाही. त्यामुळे अमेरिकेतला वाद कंपनी आणि नगरपालिका यांच्यात होतो, तर आपल्याकडे तोच वाद एमएसओ आणि केबल चालक यांच्या खासगी करारात उतरतो. कोणत्या गल्लीत कोणी सेवा द्यायची हेही कोणतीही सरकारी कचेरी ठरवून देत नाही. आपला एरिया म्हणून आपण ज्याला म्हणतो, तो कायद्याने नव्हे तर रिवाजाने आपला असतो, आणि करारात लिहिला नसेल तर तेवढाही नसतो.

व्यवहारातला फरक मात्र ठळक आहे. हॅथवे, डेन, जीटीपीएल हॅथवे, एनएक्सटी डिजिटल यांसारख्या मोठ्या कंपन्यांकडे वाहिन्यांशी घासाघीस करण्याची ताकद, चांगले पोर्टल आणि बहुधा ब्रॉडबँडची जोड असते. पण त्यांचा करारनामा छापील असतो, त्यातला स्वल्पविराम बदलायलाही मुख्य कार्यालयाची संमती लागते, आणि तालुक्याला येणारा प्रतिनिधी वर्षा-दोन वर्षांत बदलतो. जिल्ह्यातल्या एमएसओचा मालक फोनवर भेटतो, तुटलेली फायबर त्याची माणसे त्याच दिवशी जोडतात, गावच्या वाहिनीला तो जागा देतो आणि गणपती विसर्जनाच्या थेट प्रक्षेपणासाठी गाडीही पाठवतो. पण त्याचा हेडएंड, म्हणजे सगळ्या वाहिन्या एकत्र करून पुढे सोडणारे केंद्र, जुना असू शकतो, वाहिन्यांची थकबाकी साचलेली असू शकते, आणि उद्या त्याने धंदा मोठ्या कंपनीला विकला तर आपला करारही त्या विक्रीबरोबर परस्पर पलीकडे जातो.

मोठे नाव म्हणजे हमी नव्हे, याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. सिटी नेटवर्क्स ही देशातील जुन्या आणि मोठ्या एमएसओंपैकी एक कंपनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात वाहिन्यांच्या नव्या दरांवरून वाद झाला, आणि नवे करार करण्यास नकार देणाऱ्या एमएसओंचे सिग्नल डिज्नी स्टार, झी आणि सोनी या प्रसारकांनी बंद केले. त्या वेळी पडदा काळा झालेल्यांत देशपातळीवरच्या कंपन्यांचे ग्राहक होते. तिसराही एक मार्ग आहे, तो केरळमध्ये दिसतो: तिथे केबल चालकांनी एकत्र येऊन केरळ व्हिजन या नावाने स्वतःचीच एमएसओ उभी केली आहे. तो मार्ग एकट्यादुकट्याचा नाही, म्हणून इथे त्याची नोंद घेऊन पुढे जातो.

आधी स्वतःचे कागद

एमएसओची पारख करण्यापूर्वी आपली नोंदणी तपासावी. पूर्वी केबल चालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे आणि तिचे वरचेवर नूतनीकरण करावे लागे. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलले: आता अर्ज मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा, शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षे, आणि नोंदणी संपूर्ण देशासाठी वैध. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करावा लागतो. पॅन आणि आधार यांची पडताळणी अर्ज भरतानाच होत असल्यामुळे नावातला फरक तिथेच अडतो.

महाराष्ट्रात बहुसंख्य केबल धंदे घरगुती आहेत, आणि इथेच एक नेहमीची गाठ बसते: नोंदणी वडिलांच्या नावावर, वसुली मुलाच्या खात्यात आणि एमएसओच्या पोर्टलवर नाव पुतण्याचे. वाद उभा राहिला की पहिला आक्षेप यावरच येतो, की दावा करणारा तो करारातला पक्षच नव्हे. नोंदणी, बँक खाते, करार आणि पोर्टलचे खाते ही चारही एकाच नावावर आणल्याशिवाय वाटाघाटीला बसू नये.

त्यानंतर जाळ्याचा हिशेब मांडावा. एकूण पॉइंट किती, त्यांतले गेल्या महिन्यात चालू होते किती, बंद पडलेले बॉक्स किती आणि कपाटातले शिल्लक किती, हे नोडनिहाय, म्हणजे जाळ्याच्या एकेका शाखेनुसार, लिहावे. फायबर, ओएलटी (फायबरच्या मुख्य टोकाचे यंत्र), नोड आणि ॲम्प्लिफायर यांतले काय आपण विकत घेतले आणि काय एमएसओने टाकून दिले, याची बिले जोडावीत. बिले सापडत नसतील तर निदान छायाचित्रे आणि अनुक्रमांक तरी नोंदवावेत, कारण करार संपताना एमएसओची माणसे खांबावरची वस्तू आमची म्हणून उतरवायला आली तर तोंडी सांगण्याला किंमत राहत नाही.

समोरच्याची तपासणी

एमएसओची नोंदणी १० वर्षांची असते. सक्तीच्या डिजिटल केबलच्या आरंभी, २०१२-१३ च्या सुमारास, ज्यांनी ती घेतली त्यांची पहिली मुदत उलटून गेली आहे. म्हणून नूतनीकरणाचे पत्र मागावे, आणि नोंदणीकृत एमएसओंची जी यादी मंत्रालय प्रसिद्ध करते तिच्याशी ते ताडून पाहावे. हे पत्र दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे थांबवावे.

दुसरी तपासणी वाहिन्यांशी असलेल्या संबंधांची. प्रसारकाने एमएसओचे सिग्नल तोडण्याची नोटीस दिली असेल तर ती पडद्याखालच्या सरकत्या पट्टीवर दिसते. त्या एमएसओचे कनेक्शन असलेल्या एखाद्या घरी किंवा दुकानात आठ-दहा दिवस हे पाहत राहावे. वरचेवर अशा पट्ट्या दिसत असतील तर वाहिन्यांची देणी थकलेली आहेत असे समजायला हरकत नाही. शिवाय एमएसओला आपल्या बॉक्स-नियंत्रण आणि ग्राहक-नोंदणी प्रणालींचे वार्षिक लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. तो अहवाल आपल्याला पूर्ण दाखवतीलच असे नाही, पण लेखापरीक्षण केव्हा झाले आणि कोणी केले एवढे विचारल्यावर जे उत्तर येते, त्यावरून बरेच कळते.

तिसरी तपासणी माणसांकडून. त्या एमएसओकडे आज असलेल्या चालकांना विचारण्यापेक्षा तिथून बाहेर पडलेल्यांना विचारावे. किती दिवसांत हिशेब मिटला, अनामत परत मिळाली का, सोडताना किती बॉक्सचे पैसे लावले, एवढे तीन प्रश्न पुरेत. आणि शक्य असेल तर एक नोड, म्हणजे पन्नास-साठ घरे, महिनाभर नव्या फीडवर चालवून पाहावा. पावसाळ्यात असे पाहता आले तर उत्तमच, कारण फायबरचा मार्ग एकेरी आहे की वळसा घालून दुसऱ्या बाजूनेही येतो, हे जुलैमध्ये आपोआप समजते.

नमुना करार आणि प्रमाण करार

ट्रायने ३ मार्च २०१७ रोजी आंतरजोडणीचे, म्हणजे प्रसारक, एमएसओ आणि चालक यांच्यातील करारांचे, विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार लेखी कराराशिवाय एमएसओने चालकाला सिग्नल देता येत नाहीत. विनियमांबरोबर कराराचे दोन मसुदे जोडलेले आहेत. पहिला नमुना करार: यात दोन्ही पक्ष उत्पन्नाची वाटणी आणि कामांची विभागणी आपसांत ठरवू शकतात. दुसरा प्रमाण करार: आपसांत जमले नाही तर हा लागू होतो, आणि यात वाटणी ठरवून दिलेली आहे. दोन्ही मसुदे ट्रायच्या संकेतस्थळावर आहेत, आणि वाटाघाटीला जाण्यापूर्वी ते छापून घ्यावेत.

हे दोन कागद हाती असणे हेच चालकाचे खरे बळ आहे. आमचा करार असाच असतो, सगळ्यांनी सही केली आहे, असे प्रतिनिधी सांगतो तेव्हा त्याचा कागद नमुना कराराशेजारी ठेवून कलमागून कलम वाचावे आणि जिथे फरक आहे तिथे पेन्सिलने खूण करावी. असे केल्यावर राष्ट्रीय कंपनीचा छापील करारही वाटतो तितका ताठ राहत नाही: मूळ करारनाम्यात बदल करणार नाही असे म्हणणारी कंपनी पुष्कळदा स्वतंत्र परिशिष्टावर सही करायला तयार होते. स्थानिक एमएसओची अडचण उलटी असते. तिथे मालक शब्द देतो, कागद देत नाही. त्याचा शब्द खरा असेलही. पण तो शब्द पाळण्याची जबाबदारी त्याच्या वारसावर किंवा कंपनीच्या खरेदीदारावर येत नाही.

पैशांचे कलम

प्रमाण करारात नेटवर्क क्षमता शुल्काची, म्हणजे जोडणीसाठी ग्राहक दरमहा देतो त्या एनसीएफची, वाटणी ५५ टक्के एमएसओला आणि ४५ टक्के चालकाला अशी आहे. सशुल्क वाहिन्यांच्या किमतीपैकी प्रसारक किमान २० टक्के वितरण शुल्क म्हणून सोडतो, आणि त्या शुल्काचीही वाटणी याच प्रमाणात होते. एक उदाहरण मांडून पाहू. ग्राहकाचे एनसीएफ १३० रुपये आणि सशुल्क वाहिन्या १०० रुपयांच्या, असे कर सोडून २३० रुपये. एनसीएफमधून चालकाला ५८.५० आणि एमएसओला ७१.५० रुपये. वाहिन्यांच्या १०० रुपयांतले ८० प्रसारकाला. उरलेल्या २० पैकी ९ चालकाला आणि ११ एमएसओला. म्हणजे २३० पैकी चालकाच्या हाती ६७.५० रुपये येतात. ग्राहक १८ टक्के जीएसटीसह २७१.४० रुपये देतो आणि एवढे सगळे केबलवाल्याच्याच खिशात जातात असे मानतो, ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्षात बरेच एमएसओ टक्केवारीऐवजी ठोक दर सांगतात: समजा, याच पॅकसाठी बॉक्समागे १५० रुपये आणि कर आम्हाला द्या, बाकी तुमचे. वरच्या उदाहरणात चालकाकडे ८० रुपये उरतात, म्हणजे टक्केवारीपेक्षा जास्त, आणि म्हणून हा प्रस्ताव गोड वाटतो. पण यात वसुलीची सगळी जोखीम चालकावर येते, आणि प्रसारकांनी दर वाढवले की ठोक दरही वाढतो, तर गल्लीतल्या ग्राहकाकडून दहा रुपये जास्त मागायचे म्हटले तरी दोन महिने वाद चालतो. ठोक दर घ्यायचाच असेल तर तो किती महिने स्थिर राहील, वाढ करण्यापूर्वी किती दिवसांची लेखी सूचना मिळेल आणि वाढ कशाच्या प्रमाणात होईल, या तिन्ही गोष्टी कलमात हव्यात.

टक्केवारी घेतली तरी एक छिद्र बुजवावे लागते. एनसीएफवर पूर्वी कमाल मर्यादा होती: २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि त्यापुढे १६०. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, आणि एमएसओला आपल्या पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली. आता डीटीएचशी स्पर्धा म्हणून एमएसओने आपल्या भागात एनसीएफ १३० वरून ८० वर आणले, तर चालकाचा ४५ टक्के वाटा ५८.५० वरून ३६ रुपयांवर येतो, आणि लाइनमनचा पगार तोच राहतो. म्हणून टक्केवारीच्या जोडीला पॉइंटमागे किमान रक्कम लिहून घ्यावी, आणि सवलत एमएसओने जाहीर केली असेल तर तिचा भार एमएसओच्या वाट्यातून वजा होईल असे वाक्य घालावे. माझ्या मते सध्याच्या काळात वाटाघाटीत सर्वांत जास्त वेळ याच वाक्यावर घालवावा.

आपले चित्र ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी वाहिन्या एमएसओला वहन शुल्क देतात, स्थानिक जाहिरातींचे उत्पन्नही त्याच्याकडे येते. प्रमाण करारात चालकाला यातून वाटा नाही. राष्ट्रीय कंपनीकडे तो मागून उपयोग होत नाही. जिल्ह्यातल्या एमएसओकडे, विशेषतः आपले पॉइंट त्याच्या एकूण ग्राहकांत लक्षात येण्याइतके असतील तर, मागून पाहावा.

जीएसटीचा प्रश्न पावती कोणाच्या नावाने फाटते यावर फिरतो. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. ७५० पॉइंटचा चालक वरच्या उदाहरणातले २३० रुपये पूर्णपणे स्वतःच्या पावतीवर घेत असेल, तर त्याची उलाढाल वर्षाला २० लाख ७० हजार होते आणि नोंदणी अटळ होते. पावती एमएसओच्या नावाने असेल आणि चालकाला फक्त त्याचा वाटा मिळत असेल, तर तोच आकडा सुमारे ६ लाख ७ हजारांवर राहतो. धंदा तोच, ग्राहक तेच. फरक पडतो तो करारातल्या एका ओळीने. ही ओळ सनदी लेखापालाला दाखवूनच मान्य करावी.

बहुतेक ठिकाणी आता चालकाला पोर्टलवर आगाऊ पैसे भरावे लागतात आणि शिल्लक संपली की मध्यरात्री बॉक्स आपोआप बंद पडतात. सिग्नल तोडण्यापूर्वी तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी असे विनियम सांगतात, पण वॉलेट रिकामे झाल्यामुळे बंद झालेला बॉक्स हा नोटिशीचा विषयच नाही, असा पवित्रा एमएसओ घेतो. म्हणून वॉलेटमध्ये चार-पाच दिवसांची उधारीची मर्यादा आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी आपोआप बंद न करण्याची अट मागून घ्यावी. दिवाळीच्या पहाटे चाळीस घरांचे फोन कोणाला येतात, हे एमएसओच्या पोर्टलला माहीत नसते.

बॉक्स, एरिया आणि ग्राहकांची यादी

सेट-टॉप बॉक्स तीन प्रकारे येतात: चालकाने किंवा ग्राहकाने विकत घेतलेले, भाड्याने दिलेले आणि फुकट म्हणून दिलेले. फुकट हा प्रकार सर्वांत महागात पडतो. करारात बारीक अक्षरांत बॉक्स कंपनीच्या मालकीचा राहील आणि परत न आल्यास अमुक रक्कम वसूल होईल असे असते, आणि सोडायची वेळ येते तेव्हा घर बदलून गेलेल्या, पाण्यात भिजलेल्या आणि भंगारात गेलेल्या प्रत्येक बॉक्सचा आकडा चालकाच्या नावावर चढतो. दरवर्षी घसारा किती धरायचा, किती वर्षांनंतर बॉक्सची किंमत शून्य मानायची आणि नादुरुस्त बॉक्स किती दिवसांत बदलून मिळेल, हे लिहून घ्यावे. बॉक्स ताब्यात घेताना आणि परत करताना अनुक्रमांकांच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

एरियाच्या कलमात साधारणपणे हक्क अनन्य नसल्याचे लिहिलेले असते, म्हणजे एमएसओ त्याच गल्लीत दुसरा चालक नेमू शकतो किंवा स्वतः कनेक्शन देऊ शकतो. हे कलम पूर्णपणे उलटवणे अवघड आहे. मात्र रस्त्यांची व सोसायट्यांची नावे असलेला नकाशा परिशिष्ट म्हणून जोडावा, आणि आपल्या जाळ्यावर आजच्या तारखेला असलेल्या ग्राहकांना एमएसओ किंवा त्याचा दुसरा चालक कराराच्या काळात आणि त्यानंतर किमान सहा महिने थेट जोडणार नाही असे कलम मागावे. ग्राहकांची नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक एमएसओच्या प्रणालीत असतात. आपल्याकडे त्यांची प्रत दरमहा उतरवून घेण्याचा हक्क करारात असावा, आणि तो असो वा नसो, आपली वही किंवा एक्सेलची यादी आपण वेगळी ठेवावीच.

स्थानिक वाहिनी चालवणाऱ्यांनी आणखी एक कलम पाहावे. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वाहिनीची नोंदणी एमएसओनेच करायची असते. एका वाहिनीसाठी १,००० रुपये एकदाच भरावे लागतात, अशा वाहिन्यांची संख्या एमएसओच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदवलेली असावी लागते. म्हणजे गावातली वाहिनी आपली असली तरी तिचा दरवाजा एमएसओच्या हाती असतो. या बाबतीत जिल्ह्यातला एमएसओ बहुधा राष्ट्रीय कंपनीपेक्षा उजवा ठरतो.

ब्रॉडबँडचे उलट आहे. नव्या पिढीचा ग्राहक इंटरनेटसाठी टिकतो आणि टीव्ही त्याच्या जोडीला घेतो, त्यामुळे ज्याच्याकडे भरवशाचे इंटरनेट आहे त्या कंपनीकडे जाण्यात शहाणपण आहे, आणि ती बहुधा मोठी कंपनी असते. मात्र इंटरनेटचा करार वेगळा करावा. दोन्ही एकाच कागदात बांधले, तर टीव्हीच्या थकबाकीसाठी इंटरनेट बंद करण्याचा मार्ग एमएसओला मोकळा होतो. सप्टेंबर २०२३ च्या सुधारित नियमांनी केबल चालकाला आपली तार ब्रॉडबँड पुरवठादाराबरोबर वापरण्याची वाट दिली आहे. आपल्या फायबरवर टीव्ही एकाचा आणि इंटरनेट दुसऱ्याचे चालवण्याचा हक्क करारात शाबूत राहिला आहे का, हे पाहावे.

मुदत, सुटका आणि सही

मुदत एक ते तीन वर्षांची घ्यावी. पाच वर्षांचा करार करण्याइतकी स्थिरता या धंद्यात सध्या नाही. करार संपण्याच्या किमान ६० दिवस आधी एमएसओने नव्या कराराविषयी चालकाला सूचना द्यायची असते, पण त्या सूचनेची वाट पाहत बसू नये; आपल्या दिनदर्शिकेत ९० दिवस आधीच्या तारखेला खूण करून आपणच पत्र पाठवावे. सोडण्याच्या कलमात चार गोष्टी हव्यात: किती दिवसांची नोटीस, अंतिम हिशेब किती दिवसांत, अनामत केव्हा परत, आणि बॉक्स बदलत असताना जुनी व नवी फीड दोन्ही चालू ठेवण्यासाठी किमान महिनाभराचा काळ. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाचशे घरांतले बॉक्स दोन लाइनमन एका रात्रीत बदलू शकत नाहीत, आणि मधल्या काळात काळा पडदा पाहिलेला ग्राहक डीटीएचची छत्री बसवून मोकळा होतो.

सही करताना प्रत्येक पानावर आणि प्रत्येक परिशिष्टावर दोघांच्या सह्या, तारीख आणि शिक्का असावा. रिकाम्या सोडलेल्या जागा आडवी रेघ मारून बंद कराव्यात. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आहे, तेव्हा जुना कागद पुढे केला तर घेऊ नये. सही झालेल्या कराराची प्रत १५ दिवसांच्या आत चालकाच्या हाती देऊन पोच घेणे एमएसओवर बंधनकारक आहे. मुख्य कार्यालयातून सही होऊन येईल असे सांगून मूळ कागद नेला आणि तो परत आलाच नाही, हा प्रकार नवा नाही. म्हणून प्रत मिळेपर्यंत जुन्या एमएसओला सोडल्याचे पत्र देऊ नये.

पुढे दर महिन्याच्या अखेरीस पोर्टलवरचे चालू बॉक्स, आपल्या वहीतले ग्राहक आणि एमएसओचे बिल हे तीन आकडे जुळवावेत, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात ईमेलने कळवावे. फोनवरचे बोलणे पुराव्याला येत नाही. वाद मिटलाच नाही तर दाद दिवाणी न्यायालयात नव्हे, तर दिल्लीतील दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणात, म्हणजे टीडीसॅटमध्ये मागावी लागते, मग एमएसओ गल्लीतला असो वा देशपातळीवरचा. दिल्लीचा वकील एकट्या चालकाला परवडत नसेल, तर त्याच एमएसओच्या इतर चालकांबरोबर किंवा आपल्या संघटनेमार्फत जावे. तिथे पहिल्याच तारखेला सही असलेला करार, नोंदणीचे प्रमाणपत्र, बॉक्सच्या अनुक्रमांकांची यादी आणि ईमेलचा पत्रव्यवहार मागितला जातो. हे चारही कागद एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावलेले असावेत.